बाहेरचा दिवा

वस्तीवर नवी वीज जोडायला गेलो की मी आधी विचारायचो, "पहिला पॉइंट कुठं घ्यायचा?" बरोबरचा वायरिंगवाला पोरगा चुलीकडं बघायचा. घरातली म्हातारी बाहेर हात करायची. गोठ्याचा कोपरा, तिथं बांधलेल्या दोन शेळ्या, पुढं बांध आणि बांधाच्या पलीकडं नुसता अंधार. "तिथं लाव बाबा. घरात चिमणी हाय की."

मी 1981 साली विजेच्या खांबावर चढायला लागलो आणि 2016 साली उतरलो. मधली 35 वर्षं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली. न्हावरे-चौफुला रस्त्यावर पारगावजवळ भीमेचा पूल लागतो; अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड. त्या पुलावरून खांद्याला झुला आणि पिशवीत पक्कड घेऊन मी आधी सायकलवर, मग लुनावर, मग मोटरसायकलवर किती वेळा गेलो, त्याचा हिशेब नाही. पण दोन्हीकडच्या म्हाताऱ्या कोपऱ्याकडंच हात करायच्या, हे पक्कं लक्षात आहे. बाहेर दिवा असला की जनावर येत नाही, ही समजूत आमच्याकडं खांबांच्या फार आधीपासूनची. तिच्यात खरं किती आणि ते खरं नेमकं कशात आहे, हे समजायला मला निवृत्त व्हावं लागलं.

आमचा मुलूख मुळात बिबट्याचा नव्हे, लांडग्याचा. सह्याद्रीकडून पूर्वेला यावं तसा पाऊस आटत जातो. नदीकाठ सोडला तर शिरूर-दौंडमध्ये माळ, खुरटं गवत, बाजरी, रब्बीची ज्वारी आणि मेंढरं. अशा उघड्या रानात बिबट्याला दडायला जागा नसते. लांडगा, तरस, कोल्हा आणि खोकड यांना ते चालतं. दादोजी कोंडदेवांनी पुणे जहागीर पुन्हा वसवताना लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसं लावली, अशी हकीकत जुन्या लिखाणातून येते. पुढं 1820 च्या दशकात कर्नल विल्यम साइक्स हा इंग्रज अधिकारी दख्खनची मोजदाद करत फिरला. त्यानं 1831 साली इथल्या लांडग्याला शास्त्रीय नाव दिलं, कॅनिस पॅलिपेस. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. हे नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा एका मेंढक्याची आठवण आली. त्याच्याकडं येतोच. आमचं जुनं रान कसं होतं ते बघायचं असेल, तर शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. 1997 साली ते चिंकाऱ्यांसाठी राखलं. जेमतेम 5 चौरस किलोमीटरचा तुकडा, पण सगळा भाग एकेकाळी तसाच होता.

दिवाळी झाली की धनगरांचे वाडे फिरतीवर निघायचे. त्याआधी दोन-तीन रात्री एखादा कळप आमच्या रानात बसायचा. मेंढरं बसली की शेताला खत मिळतं. बदल्यात आजोबा ज्वारी मोजून द्यायचे. संध्याकाळी मेंढरांभोवती खुंट ठोकून वाघूर लावायची. वाघूर हे मुळात शिकारीचं जाळं, ससे-हरणं धरायचं. धनगरांनी ते उलटं वापरलं, शिकाऱ्याला बाहेर ठेवायला. कुत्र्यांच्या गळ्यात खिळे बाहेर आलेला लोखंडी पट्टा असायचा, म्हणजे लांडग्यानं नरडं धरलं तर त्याचंच तोंड फाटावं. एका बाजूला शेकोटी आणि जवळ एक कंदील.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कळपाबरोबरच्या म्हाताऱ्या मेंढक्याला मी शहाणपणा शिकवायला गेलो, "कंदील खांबावर टांगा की, लांबनं दिसंल." तो हसला. त्यानं कंदील वर धरला आणि म्हणाला, "आता बघ, काय दिसतंय?" त्याचा हात आणि कंदिलाची काच, बाकी काळं. मग त्यानं कंदील वाघुरीच्या बाहेर जमिनीवर ठेवला आणि मला कळपात बसवलं. उजेड जमिनीसरशी लांब पसरला. ढेकळाढेकळाची सावली पडली. "आता पाय दिसत्यात," तो म्हणाला. लांडगा येतो तेव्हा त्याचं अंग मातीत मिसळतं, पाय तेवढे उमटतात. साइक्सनं नाव ठेवलं होतं तेच पाय. रात्री मला दोनदा जाग आली. दोन्ही वेळा कंदील वेगळ्या कोपऱ्यावर होता आणि म्हातारा बसलेला होता.

तो कंदील प्रभाकर होता. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी 1916 साली काचकारखाना काढला. पुढं त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घराघरांत गेला. आमच्याकडं कंदिलाची निगा हे पोरांचं काम. संध्याकाळी काच काढायची, आतून फुंकर घालायची म्हणजे वाफ धरते, मग चुलीतल्या राखेनं आणि फडक्यानं पुसायची. वात जळून कोपऱ्याला वर आली असेल तर कात्रीनं सरळ कापायची, नाहीतर ज्योतीला शिंग फुटतं आणि काच एका बाजूनं काळी होते. रॉकेल रेशनचं, मोजून मिळायचं. म्हणून रात्रभर कंदील मोठा ठेवणं कुणालाच परवडायचं नाही. वात खाली करून ठेवायची. कुत्रं भुंकलं की उठायचं, वात वर करायची आणि बाहेर यायचं. रॉकेलचा रिकामा डबाही कामाला यायचा. एक जण कंदील धरणार, दुसरा डबा बडवणार.

कंदिलाच्या आधी काय होतं, हे आजीकडून ऐकलेलं. रात्री वाट चालायची तर पाचटाची किंवा तुरकाट्यांची चूड पेटवायची आणि ती हातात हलवत न्यायची, कारण हलवली नाही तर विझते. गुरांजवळ आगटी. तिच्यात शेणी रचलेल्या, म्हणजे रात्रभर धुमसत राहील. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर राखण आणि हाताशी टेंभा. गावाची राखण जागल्याकडं असायची. जागल म्हणजे रात्रीचा पहारा. त्या शब्दात दिवा नाही, जागणं आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आईचे वडील दौंडला यार्डात बत्तीवाले होते. पुण्याहून सोलापूरकडं जाणारी रेल्वे दौंडवरून गेली, मग 1878 साली मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. आसपासची गावं चिमणीवर असताना यार्डात मात्र सिग्नलचे दिवे रात्रभर जळायचे. तेलाचे दिवे, पुढं लाल-हिरवी काच. संध्याकाळी खांबावर चढून तेल-वात करायची, सकाळी उतरवायचे. मीही खांबावरच चढलो, म्हणून ते म्हातारपणी मला "धंदा राखलास" म्हणायचे. पाळी सुटली की हातबत्ती घेऊन रुळाच्या कडेनं ते गिरीमकडं घरी जात. वाटेत तरस दिसणं नेहमीचं. ते सांगायचे, "बत्ती सरळ धरून चाललो की ते उभं राहून बघतं. हलवत चाललो की जातं. लाल काच फिरव नाहीतर हिरवी, त्याला काय कळत नाही. त्याला हलणं कळतं." मी ते ऐकून सोडून दिलं. आजोबांच्या गोष्टी म्हणून ऐकायच्या, एवढंच.

मग आमच्या हातून बल्ब लागले. सुरुवातीला 40 वॉटचा पिवळा, त्याला पत्र्याची टोपी, पावसात फुटू नये म्हणून. पहिल्या वर्षी लोक त्याचा वापर कंदिलासारखाच करत. बटण घराच्या आत, कुत्रं भुंकलं की लावायचं, बाहेर यायचं, बघायचं, बंद करायचं. वर्ष-दोन वर्षांत बटण दाबायला उठणं सुटलं. संध्याकाळी दिवा लागायचा, सकाळी कुणाला आठवण झाली तर बंद व्हायचा. पुढं पांढऱ्या नळ्या आल्या, हॅलोजन आले, सीएफएल आले आणि शेवटी एलईडी. दर वेळी उजेड वाढला आणि खर्च उतरला. लग्नकार्यात मिरवणारी पेट्रोमॅक्सची बत्ती एका रात्रीपुरती भाड्यानं आणायची चैन होती. तिच्याहून जास्त उजेड आता शेळ्यांच्या गोठ्यावर रात्रभर फुकट जळतो.

त्याच काळात रान बदलत होतं. शिरूरच्या बाजूला घोड धरणाचं पाणी आधीच होतं. मग कुकडी प्रकल्पाची धरणं आली: येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. चासकमानचा कालवा आला. दौंडच्या बाजूला मुळा-मुठेचं पाणी कालव्यानं येत होतं, आणि 1980 साली उजनी धरण झाल्यावर भीमेचा फुगवटा तालुक्याच्या पूर्व टोकाला येऊन टेकला. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा असे साखर कारखाने उभे राहिले. ज्या माळावर मेंढका पाय बघत होता तिथं ऊस आला. आडसाली ऊस 16 ते 18 महिने उभा असतो. आत सावली आणि गारवा, पाटाचं पाणी, डुकरं, उंदीर, कडेला वस्तीची कुत्री, आणि लागणीनंतरचे काही महिने सोडले तर आत माणूस फारसा फिरकत नाही. लांडग्याला लागणारं उघडं रान गेलं. बिबट्याला लागणारं झाकलं रान आपण दारात आणून लावलं. बिबट्याची मादी जेमतेम तीन महिन्यांत विते. उसातच जन्मलेली, उसातच वाढलेली पिल्लं तोडणीच्या वेळी सापडायला लागली, तेव्हा लोक म्हणायचे, "जंगलातनं आलंय." त्यांनी जंगल पाहिलेलंच नव्हतं.

2001 ते 2003 या काळात जुन्नरच्या बाजूला माणसांवर हल्ले वाढले. पिंजरे लागले, बिबटे पकडून दुसरीकडं सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा हिशेब मांडला: आधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, उचलून सोडण्याचा धडाका लागल्यावर 17 झाले. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभं राहिलं. अत्रेय यांनीच अकोले तालुक्याच्या शेतीभागात कॅमेरे लावून मोजलं, तेव्हा 100 चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे निघाले. आणि ते काय खातात ते पाहिलं, तर सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा. हे वाचताना मला माझेच बल्ब दिसायला लागले.

उसाच्या शेतकऱ्याला हुमणी ठाऊक असते. ही अळी उसाची मुळं खाते. तिचे भुंगेरे वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि बाभळी-लिंबावर जमतात. त्यांना धरायला प्रकाश सापळा लावतात: दिवा, खाली पाण्याची परात, पाण्यात थोडं रॉकेल. रात्रीत परात भरते. म्हणजे दिवा ओढून घेतो, हे आम्हाला पाठ होतं. तरी गोठ्याच्या कोपऱ्यावरचा दिवा ढकलून देईल, असं आम्ही धरून चाललो होतो. पांढऱ्या दिव्याखाली भुंगेरे आणि पाखरं पडतात, पिवळ्याखाली कमी. पडलेलं टिपायला बेडूक येतात. उजेडात ऊब आणि सोबत वाटते म्हणून कुत्री तिथंच अंग टाकतात. शेळ्या तर तिथंच बांधलेल्या. उसाच्या कडेला बसून बघणाऱ्याला हे सगळं ताटात वाढून ठेवल्यासारखं. बिबट्याच्या डोळ्यात मागं आरशासारखा पडदा असतो, म्हणून बॅटरी मारली की डोळे चमकतात. आपल्या मानानं फार कमी उजेडात त्याला लख्ख दिसतं. बल्बच्या उजेडाची त्याला गरज नव्हती. मात्र आपण उजेडात बसलो म्हणजे उजेडाबाहेरचं आपल्याला दिसायचं बंद झालं.

हे मला एका कोपीवर नीट दिसलं. बीडकडची ऊसतोड टोळी भीमेच्या काठाला उतरली होती. बांबू, पाचट आणि प्लास्टिकच्या कागदाच्या बारा कोप्या. पहाटे तीनला उठून सगळे फडात जाणार, लहान पोरं कोपीत झोपलेली राहणार. मुकादम माझ्याकडं आला, "साहेब, एक लाइट द्या." शेतमालकाच्या मीटरवरून रीतसर केबल ओढली आणि बांबूवर 500 वॉटचा हॅलोजन बसवला. कोप्यांसमोर दिवस उगवला. दोन दिवसांनी गेलो तर दिव्यावर गोणपाट टाकलेलं. एका बाईला विचारलं, "का झाकलं?" ती म्हणाली, "भाऊ, पुढं उजेड झाला, पण मागं जास्तच काळं झालं. पोरं मागंच निजत्यात." खरंच होतं. दिवा पुढं, कोपी मध्ये, आणि कोपीची लांब सावली थेट उसाला भिडलेली. आधी चांदण्यात जेवढं दिसत होतं, तेवढंही त्या सावलीत दिसत नव्हतं. आम्ही मिळून दिवा काढला. दोन कमी वॉटचे दिवे दोन बाजूंना लावले, खाली तोंड करून. कोप्या उसापासून एक-दोन पावलं नव्हे, चांगली शंभर पावलं मागं घेतल्या. मला विचाराल तर त्या शंभर पावलांचा उपयोग दोन्ही दिव्यांपेक्षा जास्त झाला.

2005 नंतरची काही वर्षं भारनियमनाची. तेव्हा गावठाण आणि शेतीचे फीडर एकच असत. शेतीची वीज गेली की वस्त्यांचे दिवे जात. लोक तारेवर आकडे टाकत, आणि आकडे काढणं हे माझं काम होतं. एकदा दिवस मावळताना एका वस्तीवर आकडा दिसला. वायर थेट गोठ्याच्या कोपऱ्यावर गेलेली, तिथं एक बल्ब. मी काठी लावली तशी म्हातारी पुढं आली. आठवड्यापूर्वी तिची शेळी गेली होती. ती भांडली नाही. म्हणाली, "काढ बाबा, तुझं काम हाय. पण आज नको. उद्या दिवसा येऊन काढ." मी काठी खाली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन काढला. नियमानं ते चूक होतं. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो, आणि मनात हिशेब एकच: तो बल्ब जळत होता म्हणून ती झोपली असेल की जागी असेल? झोपली असेल तर बल्बचा तोटा झाला.

निवृत्त झाल्यावर नातवानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. केनियातला मासाई मुलगा, रिचर्ड तुरेरे. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला घर, गुरं राखायची जबाबदारी त्याच्यावर, आणि रात्री सिंह येणार. त्यानं आधी आगीचा उजेड करून बघितला. त्यात सिंहांना गोठा जास्तच नीट दिसला. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह मागं फिरले, दुसऱ्या रात्री न हलणारं बुजगावणं ओळखून आत आले. मग एका रात्री तो स्वतः बॅटरी घेऊन गोठ्याभोवती फिरला, आणि सिंह आले नाहीत. पोरगं हुशार. जुनी गाडीची बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरची डबी आणि मोडक्या बॅटऱ्यांचे बल्ब गोठ्याभोवती असे जोडले, की दिवे आळीपाळीनं लागत राहतील, जणू कुणी चालतंय. 2013 साली त्यानं हे टेडच्या मंचावर जगाला सांगितलं. मी नातवाला म्हटलं, हे तर माझ्या आजोबांनी दौंडच्या रुळावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "मग तुम्ही का नाही केलं?" याला उत्तर नव्हतं. इंडिकेटरची डबी माझ्या मोटरसायकललाही होती.

असे लुकलुकणारे दिवे आता विकत मिळतात. चिलीत अल्पाका-लामांच्या कळपांभोवती ते लावून संशोधकांनी पाहिलं. 2019 साली निकाल छापून आला: प्यूमा लांब राहिला, तिथल्या कोल्ह्याला मात्र काही फरक पडला नाही. म्हणजे प्रत्येक जनावराचा दिव्याशी वेगळा व्यवहार. आणि कोणताही दिवा एकाच जागी, एकाच तालावर महिनोन् महिने लुकलुकत राहिला, तर आज ना उद्या तोही रानाचा भाग होतो. आमच्या भागातही हालचाल टिपून भगभगणारी आणि आवाज करणारी सौर यंत्रं काही वस्त्यांवर आली आहेत. ती बरी, पण त्यांची जागा दर काही दिवसांनी बदलावी लागते, आणि ते काम यंत्र स्वतः करत नाही.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या उत्तरेला पिंपरखेड आणि जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तिघांचे जीव गेले. त्यात दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग रोखला, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक बिबट्या गोळी घालून मारला गेला. त्या दिवसांतलं एक चित्र मला विसरता येत नाही: शेतात काम करणाऱ्या बायामाणसांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे. तोच पट्टा. माझ्या लहानपणी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात होता. आणि ती दोन्ही मुलं गेली तेव्हा रात्र नव्हती, दिवस होता. अंधाराला घाबरून आम्ही पन्नास वर्षं दिवे वाढवत नेले, आणि उसाच्या कडेला भरदिवसाही अंधारच असतो हे विसरलो.

म्हणून आज शेतकरी दिव्यापेक्षा मोठी मागणी करतात, आणि ती बरोबर आहे: पंपाला वीज दिवसा द्या. थ्री-फेज वीज आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीची पाळी आली की माणूस दारं धरायला एकटा उसात शिरतो, कपाळाला बॅटरी, हातात खोरं, वाकलेला. वाकलेलं माणूस जनावराला माणसासारखं दिसतही नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली आली. तिचे सुरुवातीचे सौर प्रकल्प ज्या गावांत झाले त्यांत आमच्या शेजारचं राळेगणसिद्धी होतं. सूर्याची वीज दिवसाच तयार होते, म्हणजे ती दिवसाच द्यावी लागते. शेताला पाणी दिवसा मिळालं तर रात्री उसात जायचं कारणच उरत नाही. खांबावरच्या 35 वर्षांत जनावरापासून वाचवणारी याहून मोठी वीज मी पाहिली नाही.

आता माझ्या वस्तीचं. गोठा चारी बाजूंनी जाळीचा केला, वरूनही जाळी घातली, कारण बिबट्या भिंत चढतो. घर आणि ऊस यांच्या मध्ये चार सऱ्या मोकळ्या सोडल्या. तिथं मेथी-कोथिंबीर करतो. कुत्रं रात्री आत घेतो. आणि कोपऱ्यावर एक एलईडी आहे, जमिनीपासून हातभर उंचीवर, तोंड रानाकडं. येणारे-जाणारे विचारतात, दिवा असा खाली कुणी लावतं का? मी त्यांना मेंढक्याची गोष्ट सांगतो.

त्या दिव्याचं बटण माझ्या उशाशी आहे. रात्री दोनच्या सुमाराला वयामुळं जाग येतेच. बटण दाबतो, खाकरतो, बॅटरी हलवत गोठ्याला एक फेरी मारतो आणि परत येऊन दिवा बंद करतो. परवा सून म्हणाली, "मामंजी, आता बिल काहीच येत नाही. रात्रभर चालू ठेवा की."

मी म्हटलं, "चालू ठेवला तर मी उठणार नाही."